पोराला आपण चांगलं म्हणायचं नसतं

स्टुटगार्ट, रविवार, ९ मार्च

गौरांग,

आशीर्वाद वर लिहायचे असतात. ते आहेतच, त्यात जागा घालवत नाही.

तू माझा फोन घेत नाहीस. मेसेज केला की एकच टिक येते, म्हणजे मला बंद करून टाकलंयस, एवढं मलाही कळतं. तुझ्या बहिणीला, उर्जाला, मात्र बंद केलेलं नाहीस. म्हणून हे वहीच्या पानावर लिहितेय. ती फोटो काढून तुला पाठवेल. मराठी वाचता येत नाही हे नाटक माझ्यापुढे करू नको. दर रविवारी मानगूट धरून मीच तुला बाराखडी शिकवलीय. माझं स्वतःचं शिक्षण सातवी, तेव्हा चुका काढत बसू नको.

फोनवर तू जे बोललास ते बोललास. "तू माझी वाट लावलीस" इथपर्यंत मला समजलं, पुढचं इंग्रजी होतं. फोन ठेवल्यावर उर्जाला अर्थ विचारला. ती म्हणाली, नको विचारू.

आता माझी बाजू ऐक. तू ऐकून घेतलीच नाहीस.

तो केलर फेब्रुवारीत आला, मंगळवारी. तुझ्या बाबांची दुपारची पाळी होती, उर्जा शाळेत. मी नुकती शाळेच्या कँटीनमधून आले होते, अंगाला सॉसचा वास. दारात हा उंच माणूस. जर्मनमध्ये म्हणाला, मी अमेरिकन फुटबॉलच्या एका संघासाठी काम करतो, तुमचा मुलगा आमच्या यादीत आहे, घरच्यांशी बोलायचंय. मला आधी माहीत असतं की तुमच्यात असं करतात, की कॉलेजातल्या पोराला मोठ्या खेळात घ्यायच्या आधी त्याच्या आईला, मास्तरला, शेजाऱ्याला जाऊन विचारतात, तर मी बाबांना थांबवून घेतलं असतं. तू सांगितलं होतंस का? नाही. तुला वाटलं असेल, आईला कोण विचारतंय.

बसवलं. थालीपीठ लावलं. त्यानं तीन खाल्ली, लोण्यासकट. मग मांडीवर लॅपटॉप घेतला आणि विचारलं, "तुमचा मुलगा कसा आहे?"

आता मला सांग, सासवडला कुणी आलं आणि म्हणालं, तुमचा पोरगा हुशार आहे हो, तर तुझी आजी काय म्हणायची? "कसला हुशार, नुसता उंडारतो." मग समोरचा म्हणायचा, "असं कसं, गुणी आहे की!" मग आजी म्हणायची, "तुमचा आशीर्वाद." झालं. आपल्या पोराला आपण चांगलं म्हणायचं नसतं, दृष्ट लागते. ते दुसऱ्यानं म्हणायचं. मी हेच बघत मोठी झाले, दुसरं मला येत नाही.

तर मी म्हटलं, "कसला काय, आळशी आहे. चार हाका मारल्याशिवाय उठत नाही."

आणि थांबले. आता त्यानं त्याचं वाक्य म्हणायचं होतं. तो टाईप करायला लागला.

मग विचारलं, "खेळतो कसा?"

"खेळतो आपला. चेंडू तर फेकायचा, त्यात काय एवढं."

परत थांबले. परत टकटक. मला वाटलं, कमी पडतंय. आणखी खाली उतरले तर तो "छे छे" म्हणेल. तेव्हा त्यानं विचारलं, "बाकीची मुलं त्याचं ऐकतात का?" मी म्हटलं, "घरात त्याचं मांजर ऐकत नाही."

त्यानं मान वर केली. "तुमच्याकडे मांजर आहे?"

"नाही."

तेही लिहिलं.

आणि तुमच्या त्या कम्बाइनला, जिथे सगळ्या देशातली पोरं गोळा करून मोजतात, तिथे एका खोलीत पाच-सहा माणसं बसली आणि त्यांनी तुला हेच विचारलं. "तुझी आई म्हणते तुझं घरात मांजर ऐकत नाही, मग मैदानावर दहा माणसं कशी ऐकतील?" आणि तू गप्प बसलास. पंधरा मिनिटांतली दोन मिनिटं तू नुसता बघत राहिलास, हे तूच मला ओरडून सांगितलंस. मी विचारते, "आई आहे ती, तिची बोलायची तऱ्हाच तशी" एवढं म्हणता आलं नाही तुला? सगळं आईनंच करायचं?

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही. खोडलं की पान घाण दिसतं.

चूक झाली. आता पुढे काय करायचं ते सांग, मी करते.

आई


स्टुटगार्ट, रविवार, २३ मार्च

गौरांग,

उर्जा म्हणाली दोन्ही टिका निळ्या झाल्या. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. तुला ते माहीत असेल, नसेल, ठाऊक नाही. पण परत परत मनात येतं म्हणून लिहिते.

आळशी, मांजर, ते सगळं रीतीचं बोलणं होतं. पण मग त्या केलरनं विचारलं, "हरल्यावर तो काय करतो?" आणि इथे मी रीतीचं बोलले नाही. खरं बोलले. म्हटलं, बाथरूममध्ये जातो, आतून कडी लावतो, नळ सोडतो आणि तासभर बाहेर येत नाही. दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मी दाराबाहेर चहा ठेवते, तो गार होतो.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनाही नाही, त्यांना वाटायचं तू शॉवर घेतोयस. मग ह्या परक्या माणसाला का सांगितलं? मी खूप विचार केला, गौरांग. मला वाटतं, चार वर्षांत मला तुझ्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. इथल्या बायका विचारतात, मुलगा कुठे? अमेरिकेत. अच्छा. झालं. सासवडचे विचारतात, पगार सुरू झाला का? हा माणूस लोण्याची बोटं पुसत, मान तिरकी करून, हळू विचारत होता, तो लहानपणी कसा होता, कशाला घाबरायचा, रागावला की काय करायचा. मला बोलायची भूक लागली होती. मी बोलत सुटले. मला वाटलं, हा माझ्या पोराचं भलं चिंतणारा माणूस आहे. तो त्याचं काम करत होता. कँटीनमध्ये बटाट्याचा ट्रक येतो तेव्हा मीही एक पोतं उघडून हात घालून तळातला बटाटा बघते, वरचा नाही. तसा तो माझ्यात हात घालून बघत होता.

आता काय काय केलं ते ऐक.

बाबांना म्हटलं, "अहो, तुम्ही बोला ना त्या माणसाशी."

"मी काय बोलू? तुझ्या तोंडाला झाकण नव्हतं का?"

"तुम्ही घरी असता तर तुम्ही काय मोठे दिवे लावले असते? तुम्हीपण म्हणाला असता, कसला काय."

त्यावर पेपर तोंडापुढे धरला. कारण म्हणालेच असते. तुझं कॉलेजचं पत्र आलं तेव्हा त्यांनी कंपनीत पेढे वाटले आणि लोकांना काय सांगितलं माहितीय? "मिळालं कसंतरी."

मग मीच केलरला फोन लावला. त्याचं कार्ड फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. म्हटलं, केलरसाहेब, त्या दिवशी मी सांगितलं ते सगळं चुकीचं होतं. माझा मुलगा फार चांगला आहे. कष्टाळू आहे. पहाटे उठतो. सगळी मुलं त्याचं ऐकतात. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलतो. दूध पितो. मला आणखी काही सुचेना म्हणून दुधाचं दोनदा सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "फार आभार, मी नोंद करतो." पण ह्या वेळी टकटक ऐकू आली नाही.

उर्जा शेजारीच बसली होती. डोक्याला हात लावून. मी म्हटलं, काय झालं?

"आई, दास ब्रिंग्ट निश्ट्स. काही उपयोग नाही."

"का नाही?"

तिला मराठीत सांगायला जड जातं, पण सांगितलं. म्हणाली, आई वाईट बोलली तर ते खरं धरतात. आई चांगलं बोलली तर म्हणतात, आई आहे.

मग मी आता कुठे उभी राहू ते सांग.

आई


स्टुटगार्ट, शनिवार, १२ एप्रिल

गौरांग,

तुझ्या हाताची वीत मोजली म्हणे. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, पट्टी लावून. उर्जानं दाखवलं. इंटरनेटवर सगळ्या जगाला वाचायला ठेवलंय, पावणेनऊ इंच. नऊच्या वर असली तर बरी, नाहीतर थंडीपावसात चेंडू निसटतो असं त्यांचं म्हणणं. मी माझी वीत मोजली. पावणेआठ. बाबांची मोजली, साडेआठ. म्हणजे तू आमच्यापेक्षा मोठीच आणलीस, आमच्याकडे होती त्यापेक्षा जास्त कुठून देणार?

मला बघायला आले होते तेव्हा तुझ्या आजोबांनी चालून दाखव म्हटलं होतं. मी चालले. सुईत दोरा ओव म्हटलं, ओवला. पण तेव्हा नंतर एका खोलीत हो-नाही झालं आणि गावात कुणाला माझा आकडा कळला नाही. तुमचं सगळं चव्हाट्यावर. उंची सहा फूट एक. धावायला किती सेकंद. उभ्यानं उडी किती. आणि खाली कोण कुठले लोक लिहितात, हात बरा आहे पण पाय जड आहेत. कोण रे ते? त्यांनी स्वतः कधी चेंडू फेकलाय?

उर्जानं याद्या दाखवल्या. ह्या वर्षीचे कॉलेजातले क्वार्टरबॅक, तुझ्यासारखे चेंडू फेकणारे, एकाखाली एक. एका यादीत तू नववा, एकीत बारावा, एकीत सतरावा. मी विचारलं, खरी कुठली? ती म्हणाली, खरी संघांकडे असते, ती कुणी दाखवत नाही. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी तिला विचारते, आज कितवा? परवा वैतागली. म्हणाली, रात्रीत कुणी वर-खाली होत नाही, तू चहा पी.

तुझ्या कॉलेजात तुम्ही परत एकदा फेकून दाखवलंत, ती फिल्म मी बघितली. तू छोट्या चड्डीत होतास, समोर कुणी अंगावर येणारं नव्हतं. चौसष्ट वेळा फेकलंस, मी मोजलं. तीन पडले. बाकी सगळे पोचले. केलर मागे उभा होता, टोपी घालून. प्रत्येक वेळी तू फेकलंस की मी त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

तुला आठवत असेल, इथे क्लबच्या मॅचला सगळ्या आया केक विकायच्या आणि मी वडे विकायचे. माझ्यामागे मैदान असायचं. मला खेळ कधी नीट दिसलाच नाही, लोक ओरडले की कळायचं. आता बसून सगळ्या जुन्या मॅच बघतेय, उर्जानं लावून दिल्यात. आता बघून काय उपयोग, असं बाबा म्हणतात. खरं आहे. पण दुसरं करण्यासारखं काही नाही माझ्याकडे. संकष्ट्या धरल्यात. पोटात काही नसलं की वाटतं काहीतरी करतेय.

एक अक्षर लिही. "मर" लिहिलंस तरी चालेल, पण माझ्या नावावर लिही.

आई


स्टुटगार्ट, रविवार, २७ एप्रिल

गौरांग,

काल संध्याकाळी सहापासून बसलो होतो, संघ पाळीपाळीनं पोरं निवडतात ते टीव्हीवर बघत. पहिले दोन दिवस तुझं नाव येणार नाही हे माहीत होतं. उर्जा म्हणाली, आलं तर शनिवारीच येईल, शेवटच्या फेऱ्यांत. बाबांनी चांगला शर्ट घातला. मी विचारलं, टीव्हीत तुम्ही दिसणार आहात का? त्यांनी कॉलर सारखी केली. गोड काही केलं नव्हतं मी. आधी केलं की होत नाही.

एकेक नाव वाचत होते. उर्जा वहीत खोडत होती. बाकी सगळी नावं मला सारखीच, फक्त क्वार्टरबॅक म्हटलं की मी टीव्हीजवळ सरकायचे. एक गेला. मग दुसरा. मग तो लाल केसांचा, जो सगळ्या याद्यांत तुझ्या खाली होता, तो गेला. बाबा म्हणाले, "हा कसा?" उर्जानं त्याचंही नाव खोडलं. केलरच्या संघाची पाळी आली तेव्हा मी उठून उभी राहिले. त्यांनी एक जाडा मुलगा घेतला, ढकलाढकली करणारा. पुढच्या पाळीला परत उभी राहिले. उर्जा म्हणाली, आई, बस, उभं राहून होत नाही.

दहा वाजता मी आत जाऊन पडले. मला बघवेना. सकाळी उर्जा चहाला आली नाही, तेव्हा कळलं.

तिच्या खोलीत गेले. फोन उशीखाली घालत होती. मी म्हटलं, दादाचा मेसेज आलाय का? नाही म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय, दे. तिनं वाचून दाखवलं. तू जर्मनमध्ये लिहिलं होतंस, तेवढं मला कळतं. आईला विचार, आता समाधान झालं का.

सात आठवड्यांनी तुझा पहिला शब्द आला माझ्यासाठी. आला एकदाचा.

पुढचंही तिनं सांगितलं, की एका संघानं तुला तीन दिवसांच्या कॅम्पला बोलावलंय. नऊ तारखेला, शुक्रवारी. नोकरी नाही, नुसतं येऊन खेळून दाखव, आवडलास तर ठेवू. तुझ्यासारखी आणखी चाळीस पोरं असतील. म्हणजे दार अजून पुरतं लागलेलं नाही. जा. काही झालं तरी जा.

तुझ्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? सुचलं की लिहिते.

आई


मंगळवार, २९ एप्रिल

हे पान मी उर्जाला फोटोसाठी देणार नाही. वहीतच राहील, नाहीतर फाडून टाकीन. पण कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुझ्याशी बोलायची सवय लागलीय.

आज दुपारी केलरचा फोन आला. शनिवारनंतर मी त्याच्या फोनवर तीन निरोप ठेवले होते. मी कँटीनच्या मागे भांडी उतरवत होते, हात ओले. सरळ म्हटलं, "केलरसाहेब, माझ्या बोलण्यामुळे माझ्या मुलाचं गेलं का? खरं सांगा."

तो म्हणाला, "नाही. तुमचं बोलणं आम्ही धरलंच नव्हतं. प्रत्येक आई काहीतरी बोलते. एका आईनं मला सांगितलं होतं की तिच्या मुलाच्या स्वप्नात देव येतो."

"मग त्या खोलीत त्याला मांजराचं का विचारलं?"

"प्रत्येकाला काहीतरी टोचतो आम्ही. तो किती लवकर सावरतो ते बघायला. मांजर नसतं तर दुसरं काही विचारलं असतं."

गौरांग, मी भिंतीला टेकले. किती हलकं वाटलं मला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मी नाही. मी नाही केलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता तुला कळवावं, बघ, तुझी आई सुटली.

मग मी विचारलं, मग का नाही घेतलं?

तो म्हणाला, "हात चांगला आहे. मुलगा चांगला आहे. पण तो उशिरा बघतो."

"म्हणजे?"

"कोण मोकळा आहे ते त्याला दिसतं, पण अर्धा सेकंद उशिरा. कॉलेजात चालून जातं. आमच्याकडे अर्ध्या सेकंदात दार बंद होतं. आमच्या सगळ्यांच्या कागदांवर पहिल्या वर्षापासून हेच आहे."

"शिकवून येईल?"

"बावीस वर्षांचा आहे तो. हात सुधारतो, पाय सुधारतात. हे फारसं कुणाचं सुधारलेलं मी बघितलं नाही." मग म्हणाला, "आय अॅम सॉरी," इंग्रजीत. आणि थालीपिठांबद्दल परत आभार मानले.

मला विश्वास ठेवायचा नव्हता. पण ह्या महिन्यात मी तुझ्या सगळ्या मॅच बघितल्यात, आणि मी कँटीनमध्ये सोळा वर्षं वाढतेय. तीनशे पोरं ताटं घेऊन येतात. कोण डुकराचं खात नाही, कोणाला दाणे चालत नाहीत, हे पोरगं समोर यायच्या आधी बरोबर भांड्याचा डाव हातात पाहिजे. समोर आल्यावर आठवलं तर रांग तुंबते. मला कुणी शिकवलं नाही ते. पहिल्या आठवड्यात आलं. शेजारची बाई माझ्याहून शिकलेली, तिला नऊ वर्षांत आलं नाही. तर केलर काय म्हणतो ते मला कळलं. त्या मॅचच्या फिल्ममध्ये तो डावीकडचा पोरगा हात वर करून एकटा उभा असतो, मी इथे सोफ्यावर ओरडते, तो बघ, तो बघ, आणि मग तुझी मान वळते. दर वेळी. मला वाटायचं फिल्म अडकते.

म्हणजे मी सुटले ती अशी सुटले. माझ्यावरचं उचलायचं तर तुझ्यावर ठेवावं लागतं, दुसरी जागाच नाही.

तुला हे सांगितलं तर तू काय करशील मला माहितीय. नऊ तारखेला मैदानात उभा राहशील आणि प्रत्येक चेंडूला अर्धा सेकंद मोजशील. मग एक सेकंद लागेल. मग नळ सोडून बसशील, आणि तिथे दाराबाहेर कोणी नाही.

आणि नाही सांगितलं तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. कदाचित वर्षं. कदाचित कधीच. मला तू हवा आहेस रे, फोनवर, नुसतं "हं, हं" करत का होईना.

बाबांना सांगितलं नाही. उर्जाला सांगितलं नाही. केलरचं कार्ड फ्रिजवरून काढलं.


स्टुटगार्ट, बुधवार, ३० एप्रिल

गौरांग,

तू विचारलं होतंस, आईला समाधान झालं का. उत्तर देते.

काल केलरचा फोन आला होता. मी सरळ विचारलं, तोही सरळ बोलला. त्यांच्या यादीत तुझं नाव पाचव्या फेरीला होतं. हात चांगला म्हणाला, आणि नजर तर फारच चांगली. कोण मोकळा आहे ते तुला इतरांच्या आधी दिसतं, असं म्हणाला. वीत थोडी कमी, पण तेवढं त्यांनी चालवून घेतलं असतं. पण सख्खी आईच असं बोलते म्हटल्यावर वरच्या साहेबांनी नाव खाली ढकललं. ह्या लोकांचं एकमेकांत बोलणं असतं, त्यामुळे बाकीचे संघही मागे सरले. तू म्हणालास तेच खरं निघालं. माझ्यामुळे झालं.

मी आधी रीत आणि दृष्ट वगैरे लिहिलं, ते सोडून दे. मला अक्कल नाही, एवढंच आहे ते.

कॅम्पला हे मनात ठेवून जा. तुझ्यात काही कमी नव्हतं. तिथल्या लोकांना मी भेटलेले नाही, भेटणारही नाही, त्यामुळे ते फक्त तुझा खेळ बघतील. पहिला दिसेल त्याला चेंडू दे. थांबू नको, तुला बरोबरच दिसलेलं असतं.

माझा राग येतो तो येऊ दे. गिळू नको, आणि माझ्याकडे बघून घाईघाईनं काढूनही टाकू नको. तो अंगात असला की तू जोरात फेकतोस.

बाबा बरे आहेत. उर्जाची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, तिला आता मध्ये घालत नाही. हे शेवटचं तिच्याकडून पाठवते.

उत्तर लिहू नको. झोप नीट घे.

आई